'मी मोठा झाले': पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून बंदिवासाची कादंबरी लिहिताना

एमा डोनह्यू यांची 'रूम' ही कादंबरी २०१० साली आली आणि त्याच वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. तिचा निवेदक जॅक सुरुवातीलाच पाच वर्षांचा होतो. त्याचा जन्म अकरा बाय अकरा फुटांच्या एका कुलूपबंद खोलीत झाला आहे आणि तिच्याबाहेर तो कधी गेलेला नाही. त्याच्या आईला एकोणीस वर्षांची असताना एका माणसाने पळवून इथे कोंडलं, त्याला आता सात वर्षं झाली. आपण कैदेत आहोत हे आईला रोज कळतं. जॅकला ते ठाऊकच नाही. त्याचं घर छान आहे, आई दिवसभर त्याच्याजवळ असते आणि पलंगाखाली अंड्यांच्या टरफलांचा लांबलचक साप आहे.

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आणि गेली काही वर्षं गोष्टी लिहू पाहणाऱ्यांसोबत बसते आहे. त्यातले तीन-चार जण तरी असं काही मराठीत लिहायच्या विचारात आहेत. त्यांना तोंडी सांगते तेच इथे क्रमाने मांडलं आहे. काही पायऱ्या चार ओळींत संपतील. भाषेच्या पायरीवर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण ही कादंबरी तरते किंवा बुडते ती तिथेच.

पहिली पायरी: दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्या वाचनात गोष्ट तुम्हाला ओढून नेईल, नेऊ द्या. दुसऱ्यांदा वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जॅकने काय सांगितलं ते लिहा आणि उजवीकडे तुम्हाला काय कळलं ते.

रात्री 'ओल्ड निक', म्हणजे आईला कोंडणारा तो माणूस, येतो तेव्हा जॅक कपाटात झोपलेला असतो आणि पलंगाचे करकर आवाज मोजतो. डावीकडे आकडे येतील. उजवीकडे जे येईल ते लिहायला तुमचा हात जड होईल. शनिवार-रविवार सोडून रोज मायलेक छताच्या खिडकीखाली उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडतात, मग गप्प राहून ऐकतात. जॅकच्या लेखी हा खेळ. मध्यरात्री आई दिवा लावते, विझवते, पुन्हा लावते. एखाद्या दिवशी आई अंथरुणातून उठतच नाही. जॅक म्हणतो की आज आई गेलेली आहे, आणि तो आपलं आपण खातो, खेळतो, टीव्ही बघतो.

अशा पंधरा-वीस जोड्या झाल्या की वही समोर ठेवून बघा. डावी बाजू कुठेच दुःखी नाही. जॅक भीती सांगतो, कंटाळा सांगतो, दाताचं दुखणं सांगतो, पण 'आम्ही कोंडलेले आहोत' असं सुरुवातीच्या पानांत कधी म्हणत नाही. तुमच्या कादंबरीलाही हेच जमायला हवं. सगळं भय वाचणाऱ्याच्या मनात उमटावं, मुलाच्या तोंडी येऊ नये.

दुसरी पायरी: खोली जमिनीवर आखा

खडू घ्या आणि गच्चीवर खरोखरच चौकोन आखा. अकरा बाय अकरा म्हणजे १२१ चौरस फूट. पलंग, कपाट, मोरी, शेगडी, टेबल, सगळं मापात काढा आणि तासभर त्यात बसा. मूल धावणार कुठून? पलंगाला वळसा घालून किती पावलं होतात? ऊन सकाळी कुठे पडतं आणि दुपारी कुठे सरकतं?

मराठी लेखकाची इथे एक वेगळी अडचण होते. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या सात-आठ माणसांची कुटुंबं राहिली. 'दहा बाय दहाची खोली' हा आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. त्यामुळे जागेच्या आकाराने मराठी वाचक दचकणार नाही. चाळीच्या खोलीला गॅलरी असते, शेजारीण असते, नळावरची रांग असते, दार दिवसभर सताड उघडं असतं. म्हणून आकाराचं वर्णन आवरा आणि दाराकडे लक्ष द्या. दार कोण उघडतं, कशाने उघडतं, उघडताना कसला आवाज येतो, ते उघडलं की मूल कुठे असतं? 'रूम'मध्ये दार धातूचं आहे आणि आकड्यांची कळ दाबून उघडतं. तो आवाज आला की जॅक कपाटात असायलाच हवा.

मग वस्तूंची यादी करा, चाळीसच्या वर नको. प्रत्येकीसमोर ती कधी आली, कोणी आणली आणि तिचा मोबदला आईला काय द्यावा लागला, हे लिहा. मुलाला त्यातलं पहिलंच ठाऊक असेल. तुम्हाला तिन्ही ठाऊक हवं.

तिसरी पायरी: वय पक्कं करा

पाच हे वय डोनह्यू यांनी उगाच निवडलेलं नाही. तीन वर्षांचं मूल इतकी लांब गोष्ट पेलू शकत नाही, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्रीच्या आवाजांचा अर्थ लागू लागेल.

दुसरंही एक कारण आहे. हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? अगदी लहान मुलं म्हणतात, जिथे आहे तिथे. चार-पाचच्या पुढे मुलाला कळू लागतं की मॅक्सी जुन्याच जागी बघणार, कारण त्याला माहीत नाही. दुसऱ्याच्या डोक्यात खोटी गोष्ट खरी म्हणून बसलेली असू शकते, हे मुलाला या वयात नुकतंच उमगतं.

'रूम'मधली सुटका यावरच उभी आहे. जॅकने मेल्याचं सोंग घ्यायचं, गालिच्यात गुंडाळलेलं पडून राहायचं आणि ओल्ड निकला ते खरं वाटायला हवं. चार वर्षांच्या जॅकला हे झेपलं नसतं. तुमच्या गोष्टीतला निर्णायक क्षणही मुलाला त्या वयात नुकत्याच आलेल्या एखाद्या कुवतीवर टेकवा. मोजता येणं, सोंग घेणं, गुपित ठेवणं, ओळखीचं अक्षर वाचणं यांतलं काहीही चालेल. मोठ्यांना सुचेल अशी युक्ती मुलाच्या गळ्यात बांधू नका.

चौथी पायरी: मुलाची मराठी घडवा

आधी ऐका. ओळखीच्या पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं आई-वडिलांची परवानगी घेऊन दहा दिवस टिपा. प्रश्न विचारून बोलतं करू नका, खेळताना ते आपल्याशीच जे बोलतं ते लिहा. 'रूम' लिहिली गेली तेव्हा लेखिकेचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा होता आणि त्याच्या बोलण्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. ते पानोपानी जाणवतं.

तुमच्या वहीत काय सापडेल ते मी आधीच सांगते. 'केलं'च्या जागी 'करलं'. 'गेली'च्या जागी 'जाली'. 'मला' नाही, 'माझ्याला'. ही चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मुलाने नियम पकडलाय आणि तो सगळीकडे लावतंय. काळाचंही तसंच. 'काल' म्हणजे होऊन गेलेलं सगळं आणि 'उद्या' म्हणजे कधीतरी. 'परवा' हा शब्द तर मराठीतच मागेही जातो आणि पुढेही. जिथे सगळे दिवस सारखेच, त्या खोलीत या एका शब्दावर अख्खं प्रकरण उभं राहील.

यातल्या तीन किंवा चारच लकबी निवडा. पहिल्या पाच पानांत वाचकाला त्यांची सवय लावा आणि मग तिथेच थांबा. बोबडे बोल लिहूच नका. पाच वर्षांचं मूल पुष्कळसं स्पष्ट बोलतं, आणि 'त'चा 'ट' करून तीनशे पानं वाचणं ही वाचकाला शिक्षा आहे.

आता नावांकडे. जॅक 'द बेड' म्हणत नाही, 'बेड' म्हणतो, मोठ्या अक्षराने, माणसाचं नाव घ्यावं तसं. दिवा, झाड, गालिचा, दार हे सगळे त्याचे सोबती आहेत. मराठीत मोठं अक्षर नाही आणि 'द'सुद्धा नाही. हे पाहून काही लेखक शब्द अवतरणात घालतात किंवा ठळक करतात, आणि पान खरूज आल्यासारखं दिसतं. गरज नाही. आपल्या भाषेत याहून देखणी सोय आहे. समुद्राबद्दल बोलताना आपण म्हणतो, 'सागराला भरती आली'. मुलाचं नाव सागर असेल तर म्हणतो, 'सागरला बोलाव'. विशेषनाम झालं की शब्दाचं सामान्यरूप बहुधा होत नाही. मग तुमच्या मुलाला 'दाराला' म्हणू देऊ नका, 'दारला' म्हणू द्या. 'भिंतला गुड नाईट म्हटलं.' 'खाटवर आई आहे.' वाचकाला व्याकरण आठवणार नाही, पण दार हे त्या मुलाचं कोणीतरी लागतं हे दुसऱ्या वाक्यातच कळेल. आणि पुढे बाहेरच्या जगात शंभर दारं दिसल्यावर तेच मूल एक दिवस 'दाराला कडी लाव' म्हणेल, तेव्हा काय हरवलं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

याहून खोल गोष्ट क्रियापदात आहे. माझ्या बालवाडीत दरवर्षी एखाददुसरा मुलगा 'मी जाते', 'मी खाते' म्हणत यायचा. दिवसभर आई किंवा आजीजवळ वाढलेला असायचा. 'मी'च्या पुढे त्याने एकाच तोंडून क्रियापद ऐकलेलं, ते बाईचं. महिना-दोन महिन्यांत इतर मुलांत मिसळून तो 'जातो' म्हणू लागायचा.

आता खोलीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला आईशिवाय कोणीच नाही. तो 'मी जाते'च म्हणणार. शिवाय आई त्याला 'तू मोठा झालास' म्हणते, म्हणजे आपण 'मोठा' आहोत हे त्याला ठाऊक आहे. वाढदिवसाच्या सकाळी तो उठून म्हणेल, 'आई, मी मोठा झाले.' या तीन शब्दांत तुमचा सगळा बंदिवास आला. इंग्रजीला हे कधीच साधणार नाही, कारण तिथे 'मी' आणि क्रियापद यांच्यात बाई-पुरुष हा भेदच नाही.

पुढे विचार करा. 'मी येतो' हे त्याने कोणाच्या तोंडून ऐकलंय? रात्री कपाटाच्या फटीतून, त्या माणसाच्या. म्हणजे '-तो' हा त्याच्यासाठी कोंडणाऱ्याचा आवाज. आई त्याची चूक सुधारते का? शहाणी आई सुधारेल. पण तुमच्या गोष्टीतली आई कदाचित सुधारणार नाही, आपल्या लेकाच्या जिभेवर तो प्रत्यय तिला सोसणार नाही. हा निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे, आणि एका प्रत्ययातून तुम्हाला आई सापडेल.

तांत्रिक बाजूही सांभाळा. 'मी भात खाल्ला' यात भेद दिसत नाही, कारण क्रियापद भाताप्रमाणे चालतं. म्हणून मुलाच्या महत्त्वाच्या वाक्यांत येणं, जाणं, झोपणं, उठणं, घाबरणं अशी क्रियापदं ठेवा. खोलीत टीव्ही ठेवायचा का, हेही इथेच ठरवा. जॅककडे टीव्ही आहे आणि त्यातलं सगळं खोटं असं त्याला वाटतं. टीव्ही ठेवलात तर '-तो' ही टीव्हीतल्या माणसांची बोली होईल. त्यातही गंमत आहे, पण धार थोडी कमी होते. मी तुमच्या जागी असते तर टीव्ही न ठेवता एक जुना, फाटका अंक आणि दोन पुस्तकं ठेवली असती.

आणखी दोन गोष्टी. एक, मुलाची बोली आईची असेल. आई कोल्हापूरकडची असेल तर मूल 'लई' म्हणेल, मग खोली जगाच्या पाठीवर कुठेही असो. दोन, त्याला 'तू' एवढंच ठाऊक असेल. बाहेर आल्यावर तो पोलिसालाही 'तू' म्हणेल आणि डॉक्टरांनाही. 'अहो' हा शब्द त्याने आईच्या तोंडून ऐकला असेल तर कोणाला उद्देशून, ते तुम्हीच ठरवा आणि जपून ठरवा.

एकाच उच्चाराचे शब्द वापरा, पण एखाददुसरेच. आई म्हणते, 'बाहेर जग आहे.' मूल टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे बघतं.

पाचवी पायरी: आईची वही वेगळी लिहा

मुलाच्या प्रकरणांना हात लावण्याआधी आईच्या तोंडून दहा-बारा पानं लिहा. ती कुठली, कोणत्या वर्गात होती, त्या दिवशी कुठे निघाली होती, पहिल्या वर्षी किती वेळा पळायचा प्रयत्न केला, बाळंत कशी झाली. ही पानं कादंबरीत येणार नाहीत. पण ती नसतील तर आई फक्त सोशिक देवी होईल, आणि सोशिक देव्या मराठीत आधीच पुष्कळ आहेत.

जॅकची आई देवी नाही. ती वेळापत्रक आखते, व्यायाम करून घेते, टीव्ही मोजून लावू देते, अजून अंगावर पाजते, चिडते, खोटं बोलते. कादंबरीच्या दुसऱ्या भागात ती आपली जुनी खोटी एकेक करून परत घेते आणि जॅक रागावतो. तुम्हीही यादी करा: आईने मुलाला सांगितलेली सगळी खोटी, त्यातली कोणती कधी मोडायची आणि सर्वांत शेवटी कोणती. माझ्या अनुभवात कथानकाचा आराखडा म्हणून एवढी यादी पुरते.

सहावी पायरी: काय दाखवायचं नाही ते लिहून ठेवा

एप्रिल २००८ मध्ये ऑस्ट्रियातल्या अ‍ॅमस्टेटन गावी एका बापाने आपल्या मुलीला तळघरात चोवीस वर्षं कोंडल्याचं उघडकीला आलं. तिची काही मुलं तिथेच जन्मली आणि वाढली. 'रूम'ची ठिणगी तिथे पडली असं लेखिकेने सांगितलं आहे. पण पुस्तकात ती घटना नाही. देश वेगळा, माणूस वेगळा, नातं वेगळं. तिथून घेतला तो फक्त एक प्रश्न: अशा जागी जन्मलेल्या मुलाला जग कसं दिसेल?

तुम्हीही एवढंच घ्या. बातमीतल्या खऱ्या मुलाचं गाव, शाळा, जखमांचा तपशील घेऊ नका. हे सौजन्य तर आहेच, कायदाही आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्याचं, म्हणजे पॉक्सोचं, कलम २३ माध्यमांतून पीडित बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि बलात्कारपीडितेच्या ओळखीबाबत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे.

अत्याचाराचा प्रसंग मुलाच्या डोळ्यांसमोर घडवू नका. कपाटाचं दार बंद ठेवा. आवाज, आकडा, सकाळी आईचं हळू चालणं एवढं पुरतं.

सातवी पायरी: सुटका शेवटी ठेवू नका

'रूम'चे पाच भाग आहेत आणि सुटका मध्यावरच होते. निम्मं पुस्तक बाहेर घडतं, आणि नवखे लेखक नेमके इथेच दमतात. दार उघडलं, पोलीस आले, संपलं. पण मुलाची खरी उलथापालथ आता सुरू होते.

शरीरापासून सुरुवात करा. जॅक कधी जिना चढलेला नाही. ऊन त्याला सोसत नाही, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क लावून वावरावं लागतं. बूट टोचतात. माणसं न विचारता अंगाला हात लावतात. खोलीत आई संपूर्ण त्याची होती, इथे ती सगळ्यांची मुलगी, रुग्ण आणि बातमी आहे. त्याला खोलीत परत जायचं असतं. हे वाक्य लिहायला घाबरू नका. ज्याला आपण तुरुंग म्हणतो ते त्याचं माहेर आहे.

आठवी पायरी: आपल्याकडची गोष्ट शोधा

परदेशी खोलीची नक्कल करायची गरज नाही. महाराष्ट्रात आईबरोबर भिंतीआड वाढणारी मुलं आहेत. भायखळ्याच्या आणि येरवड्याच्या महिला कारागृहात कैदी आयांसोबत त्यांची लहान मुलं राहतात. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली या मुलांसाठी नियम घालून दिले. मुलाला कैदी म्हणून वागवायचं नाही. पाळणाघर, बालवाडी, आहार, औषधपाणी द्यायचं. जन्म तुरुंगात झाला तरी जन्मनोंदीत तुरुंग हे ठिकाण लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. आणि मूल आईजवळ सहाव्या वर्षापर्यंतच राहू शकतं. त्यानंतर त्याला नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जावं लागतं.

पुन्हा वाचा. जॅकच्या गोष्टीत पाचवा वाढदिवस सगळं सुरू करतो. इथे सहावा वाढदिवस आईपासून तोडतो. इतर मुलांना मोठं व्हायची घाई असते, या मुलाला मोठं व्हायचंच नाही. मला वाटतं ही कादंबरी मराठीत लिहिली जायला हवी.

तयारी रीतसर करा. कारागृह प्रशासनाची लेखी परवानगी लागते आणि वेळही जातो. त्याआधी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'सारख्या, कैद्यांमध्ये काम करणाऱ्या प्रकल्पातल्या माणसांशी बोला. आत गेलात तर मुलाला 'तुला इथे कसं वाटतं' असं विचारू नका. त्याच्यासोबत जमिनीवर बसा आणि चित्र काढा. ते घर काढेल तेव्हा दार कुठे काढतं ते बघा. नाव, गाव, गुन्हा यांतलं काही वहीत उतरवू नका.

नववी पायरी: वाचून दाखवा आणि हुशारी कापा

पहिला खर्डा झाला की दोघांना मोठ्याने वाचून दाखवा. एक, लहान मुलाची आई. दुसरी, अंगणवाडी किंवा बालवाडीत काम केलेली बाई. त्यांना गोष्ट आवडली का, हे विचारू नका. एवढंच सांगा: 'हे मूल असं बोलणार नाही' असं वाटलं की हात वर करा. जिथे हात वर झाला तिथे बहुधा तुमचं आवडतं वाक्य असेल, एखादी सुंदर उपमा किंवा शहाणपणाचा उद्गार. ते काढून टाका.

मग पेन्सिल घेऊन एकट्याने शेवटची फेरी करा. मुलाच्या तोंडची सगळी '-ते' आणि '-ले' शोधा. पहिल्यांदा 'मी येतो' तो कोणत्या पानावर म्हणतो, तिथे खूण करा. त्या क्षणी खोलीत कोण आहे, आई ऐकते आहे का, आणि ऐकून ती काय करते, हे त्या पानावर आहे ना ते तपासा. नसेल तर ते पान पुन्हा लिहायला घ्या.